विश्लेषण : आयटी कंपनी विकत घेताना हाती नेमके काय येते?

गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यासारख्या धानपट्ट्यातल्या गावात एखादी राईस मिल विकायला निघाली, तर घेणारा आधी यंत्रे चालवून पाहतो, गोदाम मोजतो, जागेचा सातबारा तपासतो. आयटी सेवा कंपनीत असे हात लावून पाहण्यासारखे फार थोडे असते. संगणक जुने होतात आणि खरी मालमत्ता, म्हणजे माणसे, संध्याकाळी घरी जातात. मग किंमत ठरते कशी? पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राने २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर विकत घेतली, तो व्यवहार यासाठी पाहण्यासारखा आहे. कारण तिथे जमाखर्चच खोटा होता.

एकाच कंपनीचे तीन भाव का?

७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे संस्थापक बी. रामलिंग राजू यांनी पत्र लिहून घोटाळ्याची कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड अस्तित्वातच नव्हती. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत २४ टक्के दाखवलेला कामकाजी नफा प्रत्यक्षात ३ टक्के होता. समभाग एका दिवसात सुमारे १८० रुपयांवरून ४० रुपयांपर्यंत कोसळला. सरकारने नवे संचालक मंडळ नेमले आणि खरेदीदारांकडून बोली मागवल्या.

१३ एप्रिलला बोली उघडल्या तेव्हा टेक महिंद्राचा भाव होता प्रति समभाग ५८ रुपये, लार्सन अँड टुब्रोचा ४५ रुपये ९० पैसे आणि अमेरिकी गुंतवणूकदार विल्बर रॉस यांचा फक्त २० रुपये. विश्वासार्ह हिशेब तिघांपैकी कोणाकडेच नव्हता; दुरुस्त केलेले ताळेबंद तर सप्टेंबर २०१० मध्ये आले. म्हणजे फरक माहितीचा कमी आणि गरजेचा जास्त होता.

टेक महिंद्राची गरज काय होती?

टेक महिंद्राचे निम्म्याहून अधिक उत्पन्न ब्रिटिश टेलिकॉम या एकाच ग्राहकाकडून येत असे. आयटी कंपनी पारखताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट हीच. एका ग्राहकाने हात आखडता घेतला, तर हजारो अभियंते कामाविना बसतात, आयटीच्या भाषेत ‘बेंच’वर जातात, आणि पगार मात्र चालूच राहतात. या धंद्यात पगार हाच सर्वांत मोठा खर्च. सत्यमकडे कारखानदारी, बँका, औषध कंपन्या असे दूरसंचाराबाहेरचे ग्राहक होते. रोकड खोटी निघाली, तरी ग्राहकांचे करार आणि काम करणारी माणसे खरी होती. टेक महिंद्राने ३१ टक्के हिश्शासाठी सुमारे १,७५७ कोटी रुपये मोजले ते यासाठी.

वेळ मात्र हातात नव्हता. अशा काळात रोज कोणी ना कोणी राजीनामा देतो आणि ग्राहक दुसरी कंपनी शोधू लागतो. खरेदीला जितका उशीर, तितकी वस्तूच कमी होत जाते.

लपलेली देणी कोण भरतो?

नवा मालक. गुंतवणूकदारांच्या अमेरिकेतील दाव्यात सत्यमला १२.५ कोटी डॉलर, तर अपेड या कंपनीबरोबरच्या जुन्या वादात ७ कोटी डॉलर द्यायचे ठरले. २० रुपयांची बोली त्यामुळे अगदीच भित्री म्हणता येत नाही. कर्मचाऱ्यांनाही झळ बसली. काम नसलेल्या काही हजार जणांना घरी बसवून मुख्यतः मूळ वेतनच दिले गेले. घरकर्जाचा हप्ता पूर्ण पगारावर बेतलेला असेल, तर याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

चोख हिशेबाची कंपनी असेल तर?

तपासायचे प्रश्न तेच राहतात. २०११ मध्ये आयगेटने आपल्याहून दुपटीपेक्षा मोठी पटनी कॉम्प्युटर सुमारे १.२ अब्ज डॉलरला घेतली, तीही बरीचशी कर्ज काढून. पटनीचे मोठे केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला होते. सर्वांत मोठा ग्राहक जनरल इलेक्ट्रिक. २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने आयगेटच ४ अब्ज डॉलरला विकत घ्यायचे ठरवले. तिला अमेरिकेत ग्राहक हवे होते. ऐरोलीतल्या अनेकांच्या गळ्यातले ओळखपत्र पाच वर्षांत दोनदा बदलले.

सत्यमचे टेक महिंद्रात विलीनीकरण जून २०१३ मध्ये पूर्ण झाले. सत्यमच्या जुन्या भागधारकांना १७ समभागांमागे टेक महिंद्राचे २ मिळाले.