शिवलेलं पान आणि सैल होणारं मन

सोसायटीच्या कुंपणातल्या एखाद्या झाडावर पानाच्या कडा एकमेकींना शिवलेल्या दिसल्या, तर जरा थांबा. ती शिंपी पक्ष्याची कारागिरी असते. चिमणीहून लहान, हिरवट पाठीचा, तांबूस माथ्याचा, शेपटी उभी धरून टुणटुण उड्या मारणारा हा पक्षी महाराष्ट्रातल्या गावा-शहरांत सर्रास आढळतो. आवाज मात्र देहाच्या मानाने खणखणीत!

शिवणकाम मादीचं. चोचीने ती पानाच्या कडांना बारीक भोकं पाडते आणि त्यांतून कापसाचे तंतू किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवते. धाग्याला गाठ नसते. भोकाबाहेर आलेलं टोक पिंजून फुगतं आणि तिथेच अडकून बसतं. पान देठाला जिवंत राहतं, त्यामुळे घरटं इतर पानांत बेमालूम लपून जातं. आत मऊ गादी. अंडी साधारण बारा दिवस उबवायची, पुढच्या दोनेक आठवड्यांत पिल्लं उडूनही जातात.

असं काही दिसलं की मन हलकं होतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी याचा मागोवा घेतला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोबाइलवरचं ॲप १,२९२ जणांना दिवसातून तीनदा विचारायचं : पक्षी दिसतोय किंवा ऐकू येतोय का? आत्ता कसं वाटतंय? पक्ष्याची चाहूल लागली तेव्हा लोकांना जास्त बरं वाटत होतं आणि हा परिणाम काही तास टिकत होता. नैराश्याचं निदान झालेल्यांमध्येही तो आढळला.

पण रोज त्याच वाटेने जाणाऱ्या आपल्याला हे जाणवत का नाही? कारण सततच्या, ओळखीच्या गोष्टींना मेंदू हळूहळू प्रतिसाद देईनासा होतो. नव्या धोक्याकडे लक्ष मोकळं ठेवायला ही सोय उपयोगी खरी. पण तिच्यापायी शिंप्याचं घरटंही नजरेतून सुटतं.

नजर मुद्दाम वळवली तर? सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ज्येष्ठ नागरिकांना ८ आठवडे, आठवड्यातून एकदा १५ मिनिटं चालायला सांगितलं. त्यातल्या निम्म्यांना आणखी एक सूचना होती : आजूबाजूचं सगळं नव्या, कुतूहलाच्या नजरेने बघा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्ही गटांनी वाटेत सेल्फी काढले होते. कुतूहलाने चालणाऱ्यांच्या सेल्फीत आठवड्यागणिक त्यांनी स्वतः व्यापलेली जागा कमी होत गेली, भोवतालाला जास्त जागा मिळाली आणि चेहऱ्यावरचं हसू वाढलं. रोजच्या नोंदींत त्यांचा मनस्तापही कमी झालेला दिसला.

चालायची सूचना दोन्ही गटांना सारखीच होती. फरक पडला तो बघण्याने. आनंदाचा हा साठा रोजच्याच वाटेवर आहे, तो हाती लागायला फक्त लक्ष द्यावं लागतं. पावसाळा हा शिंप्याच्या विणीचा हंगाम. शिवलेलं पान सापडलं, तर कुंपणाची छाटणी महिनाभर पुढे ढकला. फांदी वाकवून आत डोकावू नका. लांबूनच बघा आणि शेजारच्या मुलांनाही बोलावून दाखवा.