शेततळ्याच्या कागदाचा पुरा हिशेब

शेतीच्या उपयोगाची कोणतीही वस्तु विकत घेतांना आपण तिची किंमत विचारतों, ती किती वर्षें टिकेल हें विचारतों, आणि फार झालें तर शेजाऱ्याचा अनुभव विचारतों. ती वस्तु तयार होतांना, वापरांत असतांना व निकामी झाल्यावर जमीन, पाणी आणि हवा यांची किती हानि होते, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) व जालना या भागांत गेल्या कांहीं वर्षांत प्लास्टिकचें अस्तर घातलेलीं शेततळीं पुष्कळ झालीं आहेत. त्यांचेंच उदाहरण घेऊन हा चौथा प्रश्न कसा सोडवावयाचा, तें येथें पाहूं.

या हिशेबास जीवनचक्र-मूल्यमापन असें नांव आहे. त्याचा आरंभ शेतींतून झालेला नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेंतील कोका-कोला कंपनीनें आपलें पेय कोणत्या पात्रांत भरावें हें ठरवितांना, प्रत्येक पात्रास कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत किती द्रव्य व इंधन लागतें आणि किती घाण होते, याची मोजदाद करविली. पुढें १९९७ सालीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें १४०४० क्रमांकाच्या मानकानें या पद्धतीस शिस्त लावून दिली. तिचें मर्म दोन गोष्टींत आहे. वस्तूचा जन्म, वापर व अंत हे तिन्ही काळ हिशेबांत घ्यावयाचे. आणि दोन वस्तूंची तुलना करतांना दोघींनीं सारखेंच काम केलें असें धरून ती करावयाची.

कोणत्या वस्तूचा भार कोणत्या काळांत पडतो, हें फार निरनिराळें असतें. आपल्या शहरांतील पाणचक्की पाहावी. कित्येक मैलांवरून मातीच्या नळांनीं आणलेल्या पाण्याच्या जोरावर ती जातें फिरवीत असे. तिचा सारा भार बांधणीचा; एकदां काम उभें राहिलें कीं दळणास इंधन म्हणून कांहींच लागत नसे. याच्या उलट विजेचा पंप. तो घडविण्यास लोखंड व तांबें थोडेंच लागतें, परंतु तो जितके तास चालतो तितके तास कोठें तरी कोळसा जळत असतो. आणि त्या कोळशासही पाणी लागतें! बीड जिल्ह्यांतील परळीचें औष्णिक विद्युत केंद्र २०१५ सालीं पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल.

आतां शेततळें घेऊं. वरील बाजूस ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल व बाजूंस एकास एक उतार, अशा तळ्यांत सुमारें २२ लाख लिटर पाणी राहतें. त्यास कांठावर चरांत पुरावयाच्या भागासह सुमारें १,१५० चौरस मीटर कागद लागतो. हा कागद ५०० मायक्रॉन जाडीचा असल्यास त्याचें वजन सुमारें ५५० किलो भरतें. असें प्लास्टिक १ किलो तयार होतांना सुमारें २ किलो कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत जातो. म्हणजे कागदाचा भार, तो ओढून काढण्याची वीज धरून, १,२०० किलोंच्या आसपास आला. खोदाईच्या वेळीं पोकलेननें ४०० लिटर डिझेल जाळलें असें धरल्यास त्याचे जवळजवळ १,१०० किलो निराळे. परंतु खड्डा पिढीभर टिकतो, कागद टिकत नाहीं. म्हणून खोदाईचा भार पुष्कळ वर्षांवर वांटला जातो.

येथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल कीं, दोष काय तो प्लास्टिकचा. पण तळें भरतें कशानें, हें अद्याप पाहिलेंच नाहीं. शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारें पावसाचें पाणी अडविण्याची. २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेचा हेतूही तोच होता. प्रत्यक्षांत पुष्कळ ठिकाणीं तळ्यास ओढ्याचें किंवा उताराचें पाणी येतच नाहीं. चारी बाजूंनीं उंच बांध असतो, आणि विहिरीचें अथवा बोअरचें पाणी उपसून तें भरलें जातें. २२ लाख लिटर पाणी ३० मीटर उंच चढवावयाचें म्हणजे शास्त्राप्रमाणें १८० युनिट वीज पुरे. पंप व मोटर मिळून शक्तीचा एक तृतीयांश भागच कामीं येतो असें धरलें तर ५४० युनिट लागतील. एका युनिटामागें सुमारें पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास एका भरणीचे ४०० किलो झाले. तीन भरण्यांत कागदाच्या जन्माचा सारा भार गांठला गेला! बोअरमधून पाणी ६० मीटर उचलावें लागत असेल तर दीड भरणींतच.

बरें, भरलेलें पाणी सारें पिकास मिळतें असेंही नाहीं. उन्हाळ्यांत पृष्ठभागावरून दिवसास ७ मिलिमीटर पाणी उडतें व पाण्याचा पसारा ८०० चौरस मीटर आहे असें धरा. रोज ५,६०० लिटर गेले. शंभर दिवसांत तळ्याचा चौथा हिस्सा. जमिनीच्या पोटांत सावलींत असलेलें पाणी पैसे मोजून वर काढावयाचें आणि उन्हांत ठेवावयाचें, हा व्यवहार आम्हांस तरी उफराटा वाटतो. शिवाय तें पाणी एकट्याच्या खातेउताऱ्यावर चढलेलें नसतें. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखांत भूजल बहुधा वरच्या झिजलेल्या व भेगाळलेल्या थरांतच असतें. एकानें दिवाळीनंतर उपसून तळें भरलें कीं शेजाऱ्याची विहीर त्याच मानानें लवकर तळ गांठते. सौरपंप बसविल्यास विजेचा धूर वांचेल, पाणी वांचणार नाहीं. फुकटच्या शक्तीनें उपसा वाढण्याचाच संभव अधिक. म्हणून धूर व पाणी हीं दोन खातीं निराळीं मांडावींत. एकाची बचत दुसऱ्याच्या तुटींत वळती करूं नये.

पावसाच्या पाण्यानें भरणाऱ्या तळ्याचा हिशेब अगदीं वेगळा येतो. तेथें उपशाचें खातें जवळजवळ कोरें असतें, आणि कागदाचा दर्जा व आयुष्य यांस खरें महत्त्व येतें. स्वस्त म्हणून ३०० मायक्रॉनचा कागद घेतला तर प्लास्टिक ३३० किलोच लागेल. पण तो तीन वर्षांत फाटला तर वर्षाकाठीं ११० किलो पडले. ५०० मायक्रॉनचा कागद आठ वर्षें टिकला तर वर्षाकाठीं सुमारें ६९ किलोच. तेव्हां तळांतील गोटे व मुळ्या काढून मऊ मातीचा थर देणें, कांठ चरांत नीट पुरणें, गुरें व रानडुकरें यांजपासून कुंपण करणें, हीं कामें कागदाच्या जाडीइतकींच मोलाचीं आहेत. जेथें चिकण काळी माती आहे, तेथें अस्तराशिवाय तळें करून पाहण्यास हरकत नाहीं. त्यांतून जें झिरपेल तें खालच्या विहिरींस मिळेल. मुरुमांत मात्र पाणी फार दिवस ठरणार नाहीं. तेथें विनाअस्तराचें तळें हें पुनर्भरणाचें साधन समजावें आणि उन्हाळी पिकाची भिस्त त्यावर ठेवूं नये.

राहिला कागदाचा अंत. फाटलेला कागद बांधावर जाळण्याची चाल आहे, ती सर्वथा वाईट. त्याचा धूर विषारी असतो व राख पिकांत जाते. धड भाग कापून कडब्याच्या गंजीवर किंवा कांद्यावर झांकण म्हणून कांहीं वर्षें चालतो. उरलेला भंगारवाला घेतो, परंतु चिखलानें माखलेला व तुकडे झालेला घेण्यास नाखूष असतो. म्हणून तळें कोरडें असतांना कागद धुऊन, अखंड गुंडाळून काढावा. आणि नवा घेतांना, जुना परत घेणार काय व कोणत्या भावानें, हें दुकानदाराशीं आधींच ठरवून पावतीवर लिहून घ्यावें.