सुट्टीनंतरचा पायलट

पेपर संपले की हॉस्टेलच्या लॅपटॉपवर जुने गेम पुन्हा उघडतात. क्रिकेट, रेसिंग वगैरे दहा मिनिटांत हाताला लागतं. ‘एलीट डेंजरस’ लागत नाही. १९८४ च्या ‘एलीट’चा हा वारस २०१४ साली आला. यात सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची आकाशगंगा आहे आणि एक जहाज. सहा महिन्यांनी परत या, गेम तुम्हाला मुरलेला पायलट समजून थेट कॉकपिटमध्ये बसवतो.

मित्रांनो, पहिली अडचण बटणांची. नियम डोक्यात राहतात, बोटं विसरतात. त्यात गेमही बदलतो. २०१८ च्या शेवटी ग्रह शोधायचा स्कॅनरच नवा आला, २०२१ च्या ‘ओडिसी’पासून जहाजातून उतरून पायी चालता येतं. आपण बटणं स्वतः बसवलेली असतील तर नव्या कामांच्या जागा रिकाम्याच असतात. म्हणून आधी सेटिंग्ज उघडा.

दुसरी अडचण ब्रेकची. सुपरक्रूझमध्ये वेग प्रकाशाच्या पटीत असतो. पैठण गेटहून गुलमंडीकडे येताना दुकान दिसल्यावर ब्रेक मारून चालतं का? गर्दीच्या आधीच वेग उतरवावा लागतो. दुकान मागे गेलं तर गाडी वळवायलाही जागा नाही. इथंही तसंच. स्टेशन ७ सेकंदांवर आलं की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आणायचा, पुढं वेग आपोआप उतरत जातो. उशीर केलात की स्टेशन मागे, आणि मोठा वळसा.

एवढी काळजी कशासाठी? जहाज फुटलं तर किमतीच्या साधारण ५ टक्के भरून परत मिळतं. पण महिनोन्‌महिने भटकून जमवलेली ताऱ्यांची माहिती स्टेशनवर विकलेली नसेल, तर ती जहाजाबरोबर गेलीच. ती पैसे भरूनही मिळत नाही. म्हणजे ज्यानं सगळ्यात लांबचा प्रवास केला, त्यालाच सुट्टीनंतरचं पहिलं डॉकिंग सगळ्यात महाग! (व्हायवाला बसल्यासारखंच वाटतं.)

तेव्हा आधी मेनूतल्या ट्रेनिंगमध्ये दोन-चार वेळा उतरून बघा. तिथं फुटलं तरी आपलं काही जात नाही. मग खरं स्टेशन. साडेसात किलोमीटरच्या आत आल्यावर परवानगी मागायची, वेग १०० च्या खाली ठेवायचा. दार फिरतं असतं, त्याच्याबरोबर जहाजही फिरवा. आत शिरताना हिरवे दिवे उजव्या हाताला हवेत. आणि लँडिंग गिअर काढा, बटण सापडलं असेल तर.