स्मृतिभ्रंशाची चाचणी आणि तिच्यामागील लोकनिधी

स्मृतिभ्रंशाच्या शंकेने वृद्धांना घेऊन येणारे नातलग आम्हांस पुष्कळदा विचारतात, "आजी शाळेत कधी गेल्याच नाहीत. मग या चाचणीत त्यांना गुण कमी पडले, तर तो आजार समजावा की निरक्षरता?" प्रश्न अत्यंत रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दोन देशांतील संशोधकांना एकत्र यावे लागले आणि त्यासाठी सरकारी निधी लागला, हे आमच्या सर्वच देणगीदारांना ठाऊक असेल असे नाही.

१९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक छोटी चाचणी आजही जगभर वापरली जाते. तीत शंभरातून सात-सात वजा करावयास, कागदावरील सूचना वाचून तसे करावयास आणि एक वाक्य लिहावयास सांगतात. ज्यांच्या हाती पेन्सिलच कधी आली नाही, त्यांची बुद्धी शाबूत असूनही येथे गुण जातात.

१९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड परिसरात भारतीय व अमेरिकन संशोधकांनी या अडचणीवर काम केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने, म्हणजे तेथील करदात्यांनी, त्याचा भार उचलला. पंचावन्न वर्षांवरील ५,१२६ ग्रामस्थ तपासले गेले. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश निरक्षर होते. चाचणी नुसती हिंदीत भाषांतरित केली नाही, तर बदलली. लेखी सूचनेऐवजी तपासनीस "माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा" असे सांगून डोळे मिटी. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे. आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणण्याचा प्रश्नही आला.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. एकत्र कुटुंबात वृद्धांकडून फारशी कामे अपेक्षितच नसतात. त्यामुळे त्यांना काय जमेनासे झाले, हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून घरच्या माणसांना विचारावयाच्या प्रश्नांची स्वतंत्र श्रेणी तयार झाली: जेवण झाल्याचे विसरतात काय? गावातच वाट चुकतात काय? आमच्या मते ही श्रेणी हे त्या प्रकल्पाचे सर्वांत मौल्यवान फलित होय, मात्र अशा कामाचे छायाचित्र कोणत्याही अहवालात शोभून दिसत नाही!

हीच श्रेणी पुढे गोव्यात उपयोगी पडली. तेथे ८१ कुटुंबांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अल्पकाळ प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा महिने घरी जाऊन मार्गदर्शन केले. रुग्णांच्या लक्षणांत ठळक फरक आढळला नाही; परंतु शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य निश्चित सुधारले.

राष्ट्रव्यापी चित्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मिळाले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या वार्धक्यविषयक पाहणीतील ४,०९६ व्यक्तींची सखोल तपासणी करण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश असावा. २०१० मधील अंदाज ३७ लाखांचा होता. दोन्ही आकड्यांमागील पद्धती भिन्न असल्याने आजार तेवढ्या पटीने वाढला, असा अर्थ कृपया काढू नये. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात प्रमाण अधिक आढळले, ही बाब आम्हांस जास्त चिंतेची वाटते.

या तपासणीलाही निधी प्रामुख्याने त्याच अमेरिकन संस्थेचा होता. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, नवी व्यवस्था होईपर्यंत परदेशी संस्थांना उप-अनुदाने न देण्याचे जाहीर केले, तेव्हा असे दीर्घकालीन काम किती नाजूक धाग्यावर उभे असते हे स्पष्ट झाले. त्याच व्यक्तींकडे काही वर्षांनी पुन्हा गेल्याखेरीज आजार कसा वाढतो ते कळत नाही. मधले वर्ष हुकले, तर ते नंतर पैसे देऊनही परत मिळत नाही. भारतातील सार्वजनिक निधीचा वाटा वाढावा, असे आम्हांस वाटते ते यासाठीच.

आमच्याकडे वृद्धांना तपासणीस आणताना, त्यांच्यासोबत घरात दिवसभर जी व्यक्ती असते, मग ती सून असो वा शेजारीण, तिनेच अवश्य यावे. निम्मे प्रश्न तिला विचारावयाचे असतात.