बालकांच्या उलट्या : केव्हा धीर, केव्हा धावपळ

अंगावर पिणारे मूल दूध पिऊन झाल्यावर थोडेसे ओकते. त्याचे वजन वाढत असेल तर तो आजार नव्हे; पाजल्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. मोठ्या बालकांत उलट्यांचे नेहमीचे कारण आतड्यांचा संसर्ग हे असून, खरा धोका शरीरातील पाणी व क्षार घटण्याचा असतो.

अशा वेळी मुलाचे पाणी तोडणे ही मोठी चूक होय. उलटीनंतर दहा मिनिटे थांबून जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजावी. स्तनपान चालूच ठेवावे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच द्रावणाने कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांवर यशस्वी उपचार केले.

मात्र उलटी हिरवी वा रक्तमिश्रित असणे, पोट फुगणे, डोळे खोल जाणे, सहा तास लघवी न होणे, ग्लानी येणे, डोक्याला मार लागल्यावर उलट्या होणे किंवा काही आठवड्यांच्या अर्भकाची उलटी जोराने दूर उडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

शाळेत व ग्रामपंचायतीत जलसंजीवनीच्या पुड्या आणि रात्री मिळू शकणाऱ्या वाहनाची माहिती तयार असावी. एवढ्या दक्षतेने एखादे बालक वाचू शकते.