यवन कोण?

मी सहावीत होतो. इतिहासाच्या तासाला गुरुजींनी एका जुन्या पुस्तकातला उतारा वाचून दाखवला. त्यात ‘यवनांचे सैन्य’ आले आणि वर्गातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी खाली वाकून, न पडलेली पेन्सिल शोधू लागलो. घरी आल्यावर वडिलांना विचारले, “अब्बा, यवन याने हम क्या?” वडील म्हणाले, “अपन नाशिकवाले. जा, हाथ-पाँव धो.”

वडिलांचे उत्तर बरोबर होते. पण तो शब्द माझ्या मनातून गेला नाही. पुढे बी.ए. करताना त्याचा माग लागला, तोही आपल्या नाशिकच्याच डोंगरात. पांडवलेण्यांतल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा राहणारा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने आई-वडिलांच्या सन्मानार्थ हे लेणे कोरवले आणि भिक्षुसंघाला दिले, असे त्यात म्हटले आहे. त्यात त्याची ओळख ‘योनक’ अशी दिली आहे. योनक म्हणजेच यवन! गंमत अशी, की त्याच डोंगरातल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगते, तेव्हा शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा असे त्याचे वर्णन करते. एकाच डोंगरात यवन शत्रूही आहे आणि दाताही.

हा शब्द मूळचा कुठला? आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा प्रदेश होता. इराण्यांची गाठ या ग्रीकांशी पडली आणि ते साऱ्याच ग्रीकांना ‘यौन’ म्हणू लागले. आपल्याकडे त्याचे योन, यवन झाले. अरबी-फारसीत तेच ‘युनान’. म्हणजे युनानी दवाखान्याच्या पाटीवरचा ‘युनानी’ आणि उताऱ्यातला ‘यवन’ हे सख्खे भाऊ निघाले. ग्रीक लोक मात्र स्वतःला हेलेन म्हणवतात. ‘ग्रीक’ हे नाव जगाने रोमन लोकांकडून उचलले. पुढे आपल्याकडे वायव्येकडून येणारा कोणीही परका यवन ठरला आणि शेवटी हा शब्द मुसलमानाला चिकटला. माझ्या घराण्यात कोणी स्वतःला यवन म्हणवून घेतल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

‘पांडवलेणी’ हे नावही असेच मागाहून लोकांनी दिलेले. लेण्यांतले लेख या डोंगराला ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी म्हणतात, आणि लेणी आहेत बौद्ध भिक्षूंची.

शेजारी आपल्याला नाव देतो ते त्याच्या जिभेला पेलेल तसे. सिंधूचा इराण्यांनी हिंदू केला, ग्रीकांनी त्यातला ‘ह’ सोडून इंडस केला, आणि त्यातून इंडिया आला. बाहेरून आलेला हिंदू शब्द पुढे लोकांनी आपलासा केला. आपल्या राज्यघटनेनेही पहिल्याच कलमात इंडिया आणि भारत ही दोन्ही नावे शेजारी शेजारी ठेवली आहेत. आपणही हेच करत आलो. इंग्लिश लोकांचे नाव पोर्तुगिजांच्या तोंडून ऐकले आणि त्यांना इंग्रज केले. हॉलंडचे डच आपल्या जुन्या कागदांत वलंदेज झाले.

इथवर नुसती गंमत आहे. पण काही नावांत तुच्छता असते. जर्मनांना पोलिश भाषेत जे नाव आहे, त्याचे मूळ ‘मुका’ या अर्थाच्या शब्दात आहे. ग्रीकांचा ‘बार्बारोस’, संस्कृतातला ‘म्लेच्छ’ आणि अरबांचा ‘अजमी’ हे तिन्ही शब्द मुळात अस्पष्ट बोलणाऱ्याला उद्देशून आहेत. ज्याची भाषा मला कळत नाही त्याला बोलताच येत नाही, असे सगळ्यांनाच वाटत आले. यात कुणी कुणाला हसू नये.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. घरी मराठी बोलणारे हे ज्यू पुढे इस्राएलला गेले, तर तिथे ते ‘होदिम’, म्हणजे हिंदुस्थानी ठरले. आमच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावला उत्तरेकडून आलेले विणकर आहेत. लोक त्यांना जुलाहा म्हणत, आणि त्यात हिणवण्याचा सूर असे. ते स्वतःला मोमीन, अन्सारी म्हणवतात. काम तेच, माग तोच. पण एका नावाने मान खाली जाते आणि दुसऱ्याने ताठ होते.

माझेच सांगतो. आम्ही घरी बोलतो ती दखनी. शेजारी तिला ‘मुसलमानी’ म्हणत. उत्तरेकडच्या मुशायऱ्यात माझी ओळख ‘मराठी भाई’ अशी होते. इथल्या एका कविसंमेलनात सूत्रसंचालक म्हणाले, “मुसलमान असूनही किती सुंदर मराठी लिहितात!” हेतू चांगला होता, टाळ्याही पडल्या. मी माईकपाशी जाऊन एवढेच म्हणालो, “त्यातला ‘असूनही’ तेवढा काढा. मी मराठीत लिहितो, कारण मी नाशिकचा आहे.” क्षणभर सभागृह शांत झाले. मग सूत्रसंचालकांनीच हसून माझी ओळख पुन्हा करून दिली, आणि या वेळी ती बरोबर होती.

जुनी नावे सगळी पुसावीत, असे मी म्हणत नाही. जर्मनीला जर्मनीच म्हणू या. त्याने कोणाचे बिघडत नाही. पण जे नाव ऐकून समोरचा माणूस पेन्सिल शोधू लागतो, ते आपण टाकून द्यावे. त्याचे नाव काय, हे त्यालाच विचारावे. इंद्राग्निदत्ताने आपले नाव, बापाचे नाव, गाव आणि आपले लोक, सगळे सांगून ठेवले आहे. नाशिकने ते सुमारे एकोणीसशे वर्षे जपले.