वाटेगावची मैना

संस्थानं विलीन झाली तेव्हा, १९४९ साली, साताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग आणि संस्थानी मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा इतिहास चाळताना या जुन्या अखंड साताऱ्याची माणसं पानोपानी भेटतात, आणि ती एका बाजूची नाहीत. देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांनी १९५५ च्या डिसेंबरात फलटणला सांगून टाकलं की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंच्या बाजूला. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा पसरणीच्या घाटात संयुक्त महाराष्ट्र समितीची निदर्शनं झाली. या साऱ्या गलक्यात वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी एक छक्कड रचली. नाव ‘माझी मैना’.

त्या काळात गाण्यांना तोटा नव्हता. बहुतेक गाणी ललकारी देणारी होती. अण्णा भाऊंचं गाणं मात्र सुरू होतं ताटातुटीनं.

ती ताटातूट त्यांनी कुठून उसनी आणलेली नव्हती. १ ऑगस्ट १९२० चा जन्म. पोरवयात वडिलांच्या पाठीमागं वाटेगावाहून पायी मुंबई गाठलेली. मग मिळेल ती मजुरी, गिरणी, माटुंग्याचा लेबर कँप आणि कम्युनिस्ट पक्ष. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं राहिलं. वारणा-कृष्णेच्या काठची, पाटण-जावळीच्या डोंगरातली हजारो माणसं तेव्हा गिरणीत नाहीतर गोदीत राबत होती आणि बायकापोरं गावाकडं. त्या घरांमधली ओढाताण अण्णा भाऊंना पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

छक्कड हा तमाशातला लावणीच्या कुळातला, ठसक्याचा प्रकार. गाणं ऐकणाऱ्याला आधी वाटतं, शृंगारच चाललाय. गडी बायकोच्या रूपाचं वर्णन करतोय, अगदी मन लावून. मग निघायची वेळ येते. घरी दारिद्र्य, म्हणून मुंबईला जायचं. तो तिला परोपरीनं समजावतो, दागिन्यांची वचनं देतो. शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक. ज्याच्याकडं उद्याच्या भाकरीची खात्री नाही तो ही यादी वाचतोय! ती मात्र खुलत नाही. मला हा गाण्यातला सगळ्यात खरा क्षण वाटतो. तिला हिशेब कळतो, त्याला कळूनही बोलवत नाही. पुढं मुंबई येते. तिथली श्रीमंती, तिथली लूट, आणि पावसात एका छत्रीलाही महाग झालेला हा गडी.

इथवर आल्यावर शाहीर वळण घेतो. गावाकडं राहिलेल्या मैनेची भेट नाही, तशीच दशा तुकडे पडलेल्या महाराष्ट्राची झाली, असं म्हणून तो बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी एकेक नावं घेतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य आलं आणि बेळगाव, कारवार म्हैसूरकडं गेले. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला आंदोलकांवर गोळीबार झाला होता. लढा संपेपर्यंत हुतात्म्यांचा आकडा शंभरीपार गेला. या सगळ्याला ‘सीमाप्रश्न’ म्हटलं की तो नकाशावर जातो. गिरणगावातल्या श्रोत्याला नकाशाशी फारसं देणंघेणं नव्हतं, पण आपलं माणूस आपल्यापासून लांब म्हणजे काय हे त्याला रोज रात्री खोलीवर कळत होतं. म्हणून कुणी या गाण्याचा पहिलाच भाग लावणी म्हणून गायला, किंवा शेवटचाच भाग प्रचारगीत म्हणून, की माझा जीव चडफडतो. एकावाचून दुसरं लंगडं आहे.

एक तक्रार मात्र आहे. मैना आख्ख्या गाण्यात स्वतः काही बोलत नाही. तिची बाजू ऐकायची तर साताऱ्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांकडं जावं लागतं. तिथं ममईला गेलेल्या धन्याला चार शब्द सुनावलेलेही सापडतात.

गाणं गाजलं त्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजाचा वाटा मोठा. पुढं विठ्ठल उमपांनीही ते गायलं. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले, आणि दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले.

१ मे १९६० ला राज्य मुंबईसह मिळालं. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव नाही मिळाले. बेळगावचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. २०२३ मध्ये सरकारनं राज्यगीत ठरवलं ते राजा बढे यांचं, श्रीनिवास खळ्यांच्या चालीचं, पसरणीच्या शाहीर साबळ्यांनी गायलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’. निवड योग्यच झाली. सरकारी समारंभात उभं राहून म्हणायला वाटेगावचं गाणं कामाचं नाही. त्यात एक गडी पावसात भिजतोय आणि चार ठिकाणांची नावं घेऊन विचारतोय, ही कधी येणार.